नारळ उचलायचा नाही

काजळखारच्या सभागृहात एक देश उलथवायचा होता आणि त्यासाठी सिनेमावाल्यांनी गावकीची रीतसर परवानगी घेतली होती. देश कोणता, ते सिनेमातही सांगितलेलं नव्हतं. समुद्राकाठचा कुठलातरी देश, तिथे लष्कर सत्ता घेणार आहे, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात गावोगावची साधीसुधी माणसं काय करत होती, अशी ती गोष्ट. उलव्याच्या टॉवरांच्या मागे, विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेलं हे कोळ्यांचं गाव त्यांना पसंत पडलं. सभागृह जुनं होतं, खिडक्या उंच होत्या आणि माणसं आयती मिळत होती.

माणसं पुरवायचं काम कल्पेशकडे होतं. कल्पेश म्हणजे वामन नाखव्याचा धाकटा. खारघर-सीवूड्सपर्यंत त्याचे लग्नाचे मांडव आणि डीजे चालायचे, आणि हल्ली शूटिंगला लागणारी गर्दीही तोच जमवायचा. त्याने घरटी एक पुरुष अशी यादी केली. गावकीत घरं बेचाळीस आणि यादीत नावं एक्केचाळीस. सुगत नावाच्या सहायक दिग्दर्शकाने ती वाचली आणि छान म्हणून खिशात घातली. जे नाव लिहिलंच नाही, ते त्या बिचाऱ्याला दिसणार कसं?

वामनला मात्र ते दिसलं. यादी त्याच्याच ओटीवर बसून लिहिली गेली होती. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पण डोळे अजून शाबूत. कल्पेश एकेक घर बोटावर मोजत होता, आणि समोरच्या घराशी आल्यावर त्याचं बोट न थांबता पुढच्या घरावर गेलं. चहा निवतोय, एवढंच वामन म्हणाला.

समोरचं घर गणूचं. वामन आणि गणूने तीस वर्षं एकाच होडीवर काढली होती. एकाने वल्हं धरायचं आणि दुसऱ्याने जाळं ओढायचं. भांडण झालं तरी होडीतच मिटवायचं, किनाऱ्यावर आणायचं नाही. होडी विकली तेव्हा दोघं मिळून रडले होते. मग वामनची काशी गणूच्या निकेशला दिली आणि मित्र व्याही झाले. लेक ऐंशी पावलांवर, म्हणून राहीबाईला, वामनच्या बायकोला, किती हायसं वाटलं होतं! हीच ऐंशी पावलं वामन गेल्या तीन वर्षांत एकदाही चाललेला नव्हता.

झालं होतं ते असं. गावाचं मासळी सुकवायचं मैदान एका बिल्डरला द्यायचं गावकीने ठरवलं. गणू म्हणाला, माझ्या आईने तिथे बोंबील वाळवलेत, मी देणार नाही. तो कोर्टात गेला आणि काम थांबलं. मग गावकी बसली, आणि सभागृहाच्या मधोमध पाटावर नारळ ठेवला गेला.

काजळखारची ही जुनी रीत. मोठा ठराव असला की पाटावर नारळ ठेवायचा आणि पंचांनी तीनदा विचारायचं, कुणाची हरकत? हरकत असेल त्याने उठून नारळ उचलायचा आणि मांडीवर घेऊन बसायचं. एकाने जरी उचलला तरी ठराव महिनाभर लटकला. कोणीच उचलला नाही तर पंच तिथेच नारळ फोडतात, आणि खोबरं घरटी वाटून सगळ्यांसमोर खातात. ज्याने खोबरं खाल्लं तो ठरावात आला. नंतर मी नव्हतो, मला पटलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. उचलणाऱ्यालाही सुख नसतं. महिन्याभरात पाच घरं त्याच्यामागे उभी राहिली नाहीत, तर तोही बाहेर.

त्या दिवशी गणूच्या घराशी कोणी बोलायचं नाही, त्याच्या घरी कोणी जायचं नाही, हळदीला नाही, मयतीलाही नाही, असा ठराव आला. हौसेराव, गावकीचा मुख्य पंच, तीनदा विचारून मोकळा झाला. वामनने पाटाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. नारळ फुटला. वामनच्या हातात खोबऱ्याचा तुकडा आला आणि त्याने तो खाल्ला. चांगलं गोड खोबरं होतं, ते त्याला अजून आठवायचं, आणि आठवलं की स्वतःची किळस यायची.

कुणी विचारलं तर हौसेराव दोन्ही हात जोडून सांगायचा, "वालीत टाकनं गुन्हा हाय, साहेब. आमी कुनाला वालीत टाकलंय? आमी फक्त बोलत नाय."

तीन वर्षांनी ठराव नवा करावा लागतो, नाहीतर तो सुटतो, हीही रीतच. ती तीन वर्षं शूटिंगच्याच आठवड्यात पुरी होत होती. रविवारी दुपारी सिनेमावाल्यांना सुट्टी, आणि त्याच सभागृहात गावकी.

शूटिंग सुरू व्हायच्या आदल्या सकाळी काशी मागच्या बोळाने परसातल्या भिंतीशी आली. राहीबाई रोज तिथूनच लेकीला कालवणाचा टोप द्यायची. गावाला ते माहीत होतं, पण बायकांचं आहे म्हणून कानाडोळा व्हायचा. त्या दिवशी काशीने टोप घेतला नाही.

"बा कुठं हाय? त्याला बोलव."

वामन आला. भिंतीपलीकडे लेकीच्या केसांत पांढरं दिसलं. चाळिशीही झाली नव्हती तिची.

"सासऱ्यांना घरी आनलंय," काशी म्हणाली. "डॉक्टर बोल्ला, आता काय करू नका. आठ दिस, नायतर दहा."

"मना ठाव नव्हतं."

"तुला कसं असंल? तू विचारतंस कवा?" मग तिचा आवाज खाली आला. "बा, मना बाकी काय नको. त्यांना चार खांदे पायजेत. निकेश एकटा हाय. मानूस मेला आन गावातनं एक खांदा नाय, अशी मयत मी नाय बघू शकत. तुला रोज विचारतात. वामन आला का, बोलतात. शुद्धीत असले की पयलं तेच."

वामनने तिच्या मागे मोकळ्या बोळाकडे पाहिलं.

"रविवारी नारल उचल," काशी म्हणाली. "एकदाच. महिनाभर ठराव लटकंल. त्यांना तेवढा महिना बास हाय."

"कल्पेशची हळद हाय गो, मे महिन्यात. उचलला आन मागं कोन उभं नाय राहिलं तं..."

"माज्या हळदीला आख्खं गाव नाचलं होतं, बा. आता त्या घरात कुनी पानी प्यायला येत नाय." एवढं बोलून ती गेली.

राहीबाई टोप हातात घेऊन उभी होती. "बायांना नारल उचलता आला असता," ती नवऱ्याला म्हणाली, "तं मी तीन वर्सांपूर्वीच उचलला असता, आन त्या हौश्याच्या टालक्यावर फोडला असता." वामनने मान हलवली. राहीबाईचं खरं होतं, आणि गावकीत बसायचा मान मात्र त्याचा होता.

आता हा नारळ सिनेमात कसा गेला, ते सांगायला हवं. दोष वामनचाच. सिनेमाची दिग्दर्शिका मनस्वी म्हणून एक तिशीतली मुलगी होती, नेरूळची, बोलायला गोड आणि ऐकायला त्याहून तयार. गाव बघायला आली तेव्हा ती वामनच्या ओटीवर जेवली. बोंबील खाता खाता तिने सिनेमा समजावून सांगितला. "रणगाडे शेवटच्या दिवशी येतात, काका. त्याच्या आधीचं सगळं काम लोकांनीच करून ठेवलेलं असतं. मला तेच दाखवायचंय. पण लोक गप्प बसतात म्हणजे नेमकं काय करतात, ते मला सुचत नाहीये."

इतकी मन लावून ऐकणारी माणसं म्हाताऱ्यांना भेटतात कुठे? वामनने नारळाची रीत सांगितली. आजोबाच्या वेळची गोष्ट सांगावी, तशी सांगितली. सांगता सांगता गणूचंही निघालं आणि काशीचंही. मनस्वीचे डोळे भरून आले. तिने वामनचा हात हातात घेतला, आणि आठ दिवसांनी पटकथेत नारळ आला.

वामनला कामही मिळालं. नगरसभेतला म्हातारा सभासद, संवाद एकही नाही, पण बसायला पाटाच्या अगदी समोर. हौसेराव झाला नगराध्यक्ष. त्याला लाल पट्टा दिला, तो त्याला इतका शोभला की शूटिंग संपल्यावरही काढवेना. भिंतीवर गावदेवीच्या तसबिरीशेजारी त्या नसलेल्या देशाच्या जनरलचा भलामोठा फोटो लागला. मिशीवाला, छातीभर पदकं. पहिल्या दिवशी लोक त्याच्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी कोणाचं लक्षही जाईना.

शुक्रवारी तो प्रसंग होता. कर्नल येतो, नगरसभेला सांगतो की उद्यापासून शहर सैन्याच्या ताब्यात, विरोधकांची यादी आमच्याकडे आहे, ती मंजूर करा. मग पाटावर नारळ ठेवतो आणि तीनदा विचारतो. कर्नलचं काम करणारा नट मोठा सज्जन गृहस्थ होता. सकाळी नाश्त्याला त्याने स्वतः उठून वामनला इडली वाढली होती आणि गुडघ्यासाठी तेल सुचवलं होतं.

विमान गेलं. दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं आणि ते गेल्याशिवाय टेक घेता यायचा नाही. सुगत ओरडला, सगळे स्थिर झाले.

"कोणाची हरकत?" कर्नल म्हणाला. आवाजात धार होती, पण डोळे इडली वाढणाऱ्याचेच.

"कोणाची हरकत?"

एक्केचाळीस माणसं बसली होती, आणि कोणाला काही शिकवावं लागलं नव्हतं. कोण छताकडे बघत होता, कोण नखं. मनस्वी मॉनिटरसमोर आनंदाने ओठ चावत होती.

"कोणाची हरकत?"

वामन उठला. गुडघा कळवळला तरी उठला, तीन पावलं चालला, वाकून त्याने नारळ उचलला आणि जागेवर येऊन मांडीवर घेऊन बसला. नारळ हलका लागला. आत पाणी वाजू नये म्हणून सिनेमावाल्यांनी तो रिकामा केला होता.

"कट!"

सभागृहात हशा पिकला. मनस्वी धावत आली, वामनसमोर खाली बसली. "काका, तुम्ही नारळ उचलायचा नाही. कोणीच उचलत नाही, हाच तर आपला सिनेमा आहे. उचलला तर पुढे गोष्टच होत नाही ना."

"चुकलं," वामन म्हणाला.

"चुकलं काय, सुंदर उचललात! पण आपल्याला नकोय ते."

हौसेराव हसत नव्हता. लाल पट्टा सारखा करत तो म्हणाला, "नाखव्याला पिक्चरमदी हिरो व्हायची घाई झाली." मग सगळे परत हसले. दुसऱ्या टेकला वामनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तो टेक ओके झाला.

पण त्याच्या मनात भलतंच घडलं होतं. हात गेला! तीन वर्षं ज्या हाताला तो शिव्या घालत होता, तो आपणहून गेला होता. संध्याकाळी तो परसात गेला, भिंतीशी वाट बघत थांबला आणि काशी आल्यावर म्हणाला, "रविवारी उचलतो. गनूला सांग." तिने भिंतीवरून हात पुढे केला आणि बापाच्या मनगटाला धरून थोडा वेळ उभी राहिली. त्या रात्री वामन गाढ झोपला. तीन वर्षांत असा झोपला नव्हता.

काशीला मात्र बापाची खात्री नसावी. शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती पदर खोचून थेट सभागृहाच्या दारात आली. गावातले लोक ताटं घेऊन बाजूला झाले, जसे रस्त्यात पाणी साचलं की होतात. ती मनस्वीसमोर उभी राहिली. वामन दोन खुर्च्या सोडून बसला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, उद्या हितं गावकी बसनार हाय. तुमी कॅमेरा घेऊन नुसत्या बसा. बाकी काय करू नका. बाहेरचं मानूस बघतंय बोलल्यावर त्यांना लाज वाटंल. कुनीतरी उचलंल."

मनस्वीने हातातलं ताट खाली ठेवलं. "ताई, मला सगळं माहितीये. काकांनी सांगितलंय. मला खरंच खूप वाईट वाटतं."

"तुमी तं यावरच पिक्चर काढता."

"हो, पण... गावकीने आम्हाला जागा दिलीये. माझे अजून तीन दिवस राहिलेत इथे. त्यांनी उद्या बाहेर काढलं तर साठ लोकांचं काम अडेल. सिनेमा पूर्ण झाला ना, की तो हजारो लोक बघतील. त्याचा जास्त उपयोग होईल, बघा तुम्ही."

"कवा येनार पिक्चर?"

"पुढच्या वर्षी. डिसेंबरपर्यंत."

काशी तिच्याकडे बघतच राहिली. "बरं," म्हणाली आणि आली तशी गेली. मनस्वीने ताट परत उचललं, पण ती जेवली नाही. वामनला तिचा राग आला आणि लगेच ओशाळवाणंही वाटलं, कारण तिच्यावर रागवायला आपण कोण?

रविवारी चार वाजता गावकी बसली. जनरलचा फोटो तसाच होता. कंटिन्युइटीसाठी काही हलवू नका, असं सुगतने बजावलं होतं, आणि गावानेही ते मानलं होतं. हौसेराव नेमका त्या फोटोखाली बसला. पाट मधोमध आला, त्यावर नारळ आला. शेंडी असलेला, भरलेला, ठेवताना आत पाणी डचमळलेलं वामनने ऐकलं.

तो पाटाच्या समोरच बसला होता. सिनेमात बसला होता तिथेच, मुद्दाम. कल्पेश मागे दाराशी उभा होता. गावकीत घरटी एकच माणूस बसतो, पण उभं राहून बघायला मुलांना मुभा होती. घरातून निघताना कल्पेशने बापाला काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हणाला होता, "बाबा, पोरीकडचे हळदीला दोनशे मानसं आनतायत. मी सगल्यांना बोलून बसलोय. बाकी तुमी बघा." टेन्शनने त्याचा चेहरा उतरला होता. पोरगा वाईट नव्हता. ताईच्या घरावरून जाताना मान खाली घालायचा तो.

"मागला ठराव ठाव हाय सगल्यांना," हौसेराव म्हणाला. "तोच फुडं चालू. कुनाची हरकत?"

वामनने श्वास घेतला. तिसऱ्या वेळी उचलायचा, सिनेमात उचलला तसा. पावलं तीनच होती.

"कुनाची हरकत?"

विमान गेलं. सवयीने सगळे थांबले, हौसेरावही थांबला. आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही. वामनने हात गुडघ्यावर ठेवला आणि जोर देऊन अर्धा उठला. हौसेरावने ते पाहिलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. तो हसला आणि प्रेमाने म्हणाला,

"काय रं वामन्या, उचलतंस काय? आज कॅमेरा नाय हाय, बघ."

सभागृह खो खो हसलं. एक्केचाळीस घरांचं हसणं, त्यात लहानपणापासूनचे सोबती, त्यात काल एका ताटात जेवलेले. आणि त्यात वामनही हसला. ही गोष्ट तो मरेपर्यंत कोणाला सांगू शकला नाही. धमकी दिली असती, शिवी दिली असती, तर कदाचित उठला असता. पण सगळे हसत होते, तेव्हा त्याचंही तोंड आपोआप हसलं, जसं चारचौघांत हसतं. हसता हसता तो खाली बसला. गुडघा धरून, जणू गुडघाच दुखत होता.

"कुनाची हरकत?" हौसेरावने तिसऱ्यांदा विचारलं, फक्त रीत म्हणून.

नारळ फुटला. काजळखारच्या सभागृहात नारळ फुटला की खालच्या आळीपर्यंत ऐकू जातो. गणूच्या घरात काशी दाराशी बसली असणार, हे वामनला न बघता कळत होतं. खोबऱ्याचं ताट फिरत आलं. त्याने तुकडा घेतला आणि तोंडात घातला. या वेळी चव लागली नाही, पण चावला आणि गिळला. सगळे बघत होते.

घरी राहीबाईनेही तो आवाज ऐकला होता. तिने त्याचं ताट वाढलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतः परसात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीपलीकडे कोणी आलं नाही. सोमवारीही आलं नाही. कालवणाचा टोप दोन दिवस तसाच परत आला आणि मंगळवारी राहीबाईने तो नेलाच नाही.

मंगळवार शूटिंगचा शेवटचा दिवस. मनस्वीला वामनचा क्लोज-अप हवा होता. नारळावर नजर, कर्नलचा तिसरा प्रश्न, आणि म्हातारा गप्प. सभागृहात या वेळी गर्दी नको होती. वामन, पाट, नारळ आणि कॅमेरा, एवढंच. उन्हासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं, त्यातून वामनच्या आणि गणूच्या घरांची गल्ली दिसत होती.

"काका, काही करू नका," मनस्वी हळू म्हणाली. ती शनिवारपासून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. "नुसतं बघत राहा."

विमान गेलं. सुगतने हात वर केला. आणि त्याच वेळी गल्लीतून आवाज आला. पहिल्यांदा एकच, लांबलेला, मग त्यात दुसरा मिसळला. वामनला सांगावं लागलं नाही. काशीचं रडणं तो ती पाळण्यात असल्यापासून ओळखत होता.

"कोण रडतंय?" सुगत वैतागला. "शेवटचा शॉट आहे, यार. कल्पेश, जरा जाऊन सांग ना, पाच मिनिटं थांबा म्हणावं."

कल्पेश दाराशी गेला. उंबऱ्यावर थांबला. त्या घराशी बोलायचं नाही असा ठराव होता, आणि गप्प बसा एवढं सांगायचं तरी बोलावं लागलं असतं. तो चौकटीला धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, पण पाऊल पुढे पडत नव्हतं.

गल्लीतून राहीबाई चालत गेली. परसातून नाही, भिंतीआडून नाही, भर रस्त्याने, अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला. दारासमोर आल्यावर क्षणभर थांबून तिने आत पाहिलं. नवरा खुर्चीत, चेहऱ्यावर दिवे, समोर नारळ. मग ती गणूच्या घरात शिरली.

वामनने उठायला खुर्चीचा हात धरला.

"काका, हलू नका," मनस्वी म्हणाली. तिने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. कोण रडतंय आणि कशासाठी, हे त्या सगळ्या कंपूत तिला एकटीला ठाऊक होतं. मग तिने मॉनिटरकडे पाहिलं, आणि तिथे जे दिसलं त्यावरून तिची नजर निघेना. "सुगत, राहू दे तो आवाज. रोल. काका, प्लीज, असेच. अगदी असेच बसा."

आणि वामन बसला. कोणीतरी बस म्हणालं, म्हणून बसला. वामन आला का, असं विचारणारा माणूस आता विचारणार नव्हता. निकेश खांद्यासाठी उलव्याच्या नाक्यावर माणसं शोधत फिरणार होता. हे सगळं त्याला लख्ख कळत होतं आणि तो नारळाकडे बघत होता.

"कोणाची हरकत?" कॅमेऱ्याच्या मागून कर्नलने विचारलं. त्या सज्जन माणसाचा आवाज फाटला होता.

फक्त काशीचा आवाज येत होता.

"कट," मनस्वी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "काका, काय दिलंत तुम्ही! सिनेमा झाला आपला."

"आता जाऊ?" वामनने विचारलं.

सुगतने घड्याळ पाहिलं, आभाळाकडे कान दिला. "विमान यायला दोन मिनिटं आहेत. सेफ्टीसाठी अजून एक घेऊया?"

मनस्वीने डोळे पुसले आणि परत मॉनिटरकडे पाहिलं. वामनने दाराकडे पाहिलं. कल्पेश अजून चौकटीला धरून उभा होता. वामनने हात मांड्यांखाली घेतले आणि तो नारळासमोर नीट सरळ बसला.